संगणकाशी गट्टी : कर्ता बेपत्ता, काम चालू!

काय दोस्तांनो, झाला का गृहपाठ? मग आज आधी एक छोटंसं काम करा. तुमच्या शाळेचं संकेतस्थळ, म्हणजे वेबसाइट, असेल तर ते उघडून बघा. बघितलंत? आता खरं सांगा, मुख्याध्यापिका म्हणून तिथे ज्या बाईंचं नाव आहे, त्या अजून शाळेत आहेत का? 'सूचना' या पानावर यंदाच्या सहामाहीचं वेळापत्रक आहे, की चार वर्षांपूर्वीचं? आणि तिथे दिलेला फोन लागतो का?

तुमच्या शाळेचं सगळं ताजं असेल तर तुमच्या गुरुजींना माझा नमस्कार सांगा. पण पुष्कळ शाळांची, वाचनालयांची, मंडळांची संकेतस्थळं अशीच असतात, दिवाळी संपून महिना झाला तरी दारावर लोंबणाऱ्या आकाशकंदिलासारखी. यात शिक्षकांचा आळस असतो असं नाही हं. बऱ्याचदा होतं असं, की कुणाच्या तरी ओळखीच्या एका हुशार दादाने हौसेने संकेतस्थळ करून दिलेलं असतं. पुढे दादाला पुण्याला नाहीतर बंगळुरूला नोकरी लागते. आत शिरायचा पासवर्ड त्याच्याकडे, कुठली फाइल कुठे ठेवलीय ते त्याच्या डोक्यात. मग काय, सूचनाफलक काचेच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली बंगळुरूला!

आज आपण दोन गोष्टी समजून घेणार आहोत. संकेतस्थळातला मजकूर ज्याला त्याला सहज बदलता यावा म्हणून काय युक्ती काढली गेली, ही पहिली. आणि ती युक्ती करणारा माणूसच एक दिवस गप्प झाला, तेव्हा काय झालं, ही दुसरी. दुसरी गोष्ट जास्त मजेदार आहे, पण पहिलीशिवाय ती कळायची नाही.

टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या प्रयोगशाळेत जगातलं पहिलं संकेतस्थळ तयार केलं. १९९१ मध्ये ते बाहेरच्या जगाला खुलं झालं. तेव्हा प्रत्येक पान ही एक वेगळी फाइल असायची. मजकुराच्या आजूबाजूला खुणा घालायच्या. हे मोठ्या अक्षरात, हे ठळक, इथे चित्र, इथून दुसऱ्या पानावर उडी. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. भाषा सोपी आहे, चार दिवसांत तुम्हीही शिकाल. पण समजा शाळेच्या संकेतस्थळाची पन्नास पानं आहेत आणि प्रत्येक पानाच्या तळाशी शाळेचा फोन नंबर आहे. नंबर बदलला की पन्नास फायली उघडा, पन्नास वेळा खोडा, पन्नास वेळा लिहा. एकोणपन्नासाव्या पानावर कंटाळा येणारच.

आता जरा खानावळीत चला. (भूक लागली असेल तर आधी खाऊन या, कारण पुढे बरंच जेवणावळीचं वर्णन आहे.)

खानावळवाल्या काकू सकाळीच पन्नास ताटं वाढून ठेवत नाहीत. स्वयंपाकघरात भाजीचं पातेलं वेगळं, आमटीचं वेगळं, भाताचं वेगळं. गिऱ्हाईक येऊन बसलं की वाढपी पान मांडतो आणि एकेका पातेल्यातून वाढत जातो. आमटीत मीठ कमी पडलं तर काकू पातेल्यात चिमूटभर मीठ टाकतात. नंतर वाढलेल्या प्रत्येक पानावरची आमटी आपोआप सुधारते. पन्नास वाट्यांत वेगवेगळं मीठ घालत बसावं लागत नाही.

आपल्या मराठीत जेवायचंही पान आणि वाचायचंही पान, हे किती छान आहे पाहा! कारण संकेतस्थळाचं पान हल्ली अगदी असंच वाढलं जातं. मजकूर सगळा एका कोठारात ठेवलेला असतो. त्याला डेटाबेस म्हणतात. तुम्ही पत्ता टाइप केलात की तिकडच्या संगणकावरचा एक प्रोग्राम जागा होतो, कोठारातून हव्या त्या गोष्टी काढतो, नेमून दिलेल्या जागी मांडतो आणि ते ताजं पान तुमच्याकडे पाठवतो. हा आपला वाढपी. फोन नंबर कोठारात एकाच ठिकाणी लिहिलेला असतो, तो तिथे बदलला की पन्नासही पानांवर बदलतो.

आणि मांडायचं कसं? पानात मीठ वरच्या बाजूला मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे भात. घरात लग्नकार्य असेल तर ही मांडणी कुणी चुकवून बघा, आजी लगेच टोकते. संकेतस्थळाच्या अशा ठरलेल्या मांडणीला थीम म्हणतात. उद्या तुम्ही थीम बदललीत तर रंग बदलेल, चटणी उजवीकडे जाईल, पण पातेल्यातल्या पदार्थांना हात लागणार नाही. तुम्ही लिहिलेली सहलीची गोष्ट जशीच्या तशी राहील. शिवाय एखादा जादा पदार्थ हवा असेल, म्हणजे चित्रांची माळ, सुट्ट्यांची दिनदर्शिका किंवा पालकांनी भरायचा अर्ज, तर त्यासाठी छोटे जोड-प्रोग्राम मिळतात. त्यांना प्लगइन म्हणतात.

कोठार, वाढपी, मांडणी आणि मजकूर लिहायला एक सोपी खिडकी, एवढं सगळं एकत्र बांधून दिलं की झाली मजकूर-व्यवस्थापन प्रणाली! नाव भारदस्त आहे, म्हणून सगळे नुसतं सीएमएस म्हणतात. आपणही तेच म्हणू. सीएमएस असलं की चित्रकलेच्या बाईंना एचटीएमएल यावं लागत नाही. पत्र टाइप करता येत असेल तर सूचनाही लावता येते.

झाली पहिली गोष्ट. आता दुसरी.

भूमध्य समुद्रात कॉर्सिका नावाचं फ्रान्सचं एक बेट आहे. नेपोलियन तिथलाच. तिथल्या मिशेल वाल्ड्रिगी नावाच्या तरुणाने २००१ मध्ये असाच एक प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव बी-टू. लोकांना आपली रोजनिशी इंटरनेटवर लिहिता यावी, म्हणजे ब्लॉग लिहिता यावा, यासाठी तो होता. वाढप्याचं काम पीएचपी या भाषेत लिहिलेलं, कोठार मायएसक्यूएलचं. प्रोग्राम लहान पण सुटसुटीत होता. २००३ सालच्या मे महिन्यापर्यंत तो सुमारे २,००० सर्व्हरवर बसवला गेला होता, असा एक अंदाज आहे.

पण त्याआधीच एक अडचण झाली होती. मिशेलकडून नवं काहीच येईना. सुधारणा थांबल्या. प्रोग्राममध्ये काही बिघाड सापडला तर सांगायचं कुणाला? लोकांनी आपली वर्षावर्षाची टिपणं त्यात लिहून ठेवलेली होती. घर बांधून देणारा गवंडीच नाहीसा व्हावा आणि पावसाळा तोंडावर यावा, तशी गत!

अमेरिकेत ह्यूस्टन शहरात मॅट मुलेनवेग नावाचा एक १९ वर्षांचा विद्यार्थी होता. सॅक्सोफोन वाजवायचा, फोटो काढायचा आणि बी-टूवर आपला ब्लॉग लिहायचा. २४ जानेवारी २००३ रोजी त्याने ब्लॉगवर आपली पंचाईत मांडली. ज्या प्रोग्रामवर मी लिहितो त्याचा कर्ता महिनोन्महिने दिसत नाही, आता काय करावं? मग त्यानेच पुढचा विचार मांडला, की हा प्रोग्राम उचलून आपणच पुढे नेला तर? दुसऱ्याच दिवशी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टहून माईक लिटल यांनी कळवलं की तू खरंच करणार असशील तर मी आहे. माईक मॅटपेक्षा वयाने बरेच मोठे आणि दोघांच्या मधे अख्खा अटलांटिक महासागर. तरी दोघे कामाला लागले. २७ मे २००३ रोजी नवा प्रोग्राम लोकांच्या हाती आला. एका मैत्रिणीने त्याला नाव सुचवलं होतं, वर्डप्रेस.

त्या पहिल्या आवृत्तीचा क्रमांक काय होता, ओळखा पाहू. १? चूक! तो होता ०.७. बी-टू जिथे थांबलं होतं, तिथून पुढे मोजणी सुरू केली. मला ही गोष्ट फार आवडते. दुसऱ्याच्या अर्ध्या विणलेल्या स्वेटरचा पुढचा टाका घ्यावा, तसं!

आणि मिशेल? तो सुखरूप होता. थोड्याच दिवसांत त्याने वर्डप्रेस हा बी-टूचा अधिकृत वारस आहे असं जाहीर केलं. पुढे वर्डप्रेसच्या कामाला त्याने स्वतःचा हातभारही लावला.

आता तुमच्यातला एखादा हुशार वाचक विचारेल, "पण काका, हे चोरी नाही का झालं? दुसऱ्याने लिहिलेलं घ्यायचं, नाव बदलायचं आणि वाटायचं?" शाब्बास! प्रश्न बरोबर आहे. एखाद्या लेखकाची कादंबरी घेऊन, शेवटचं प्रकरण आपण लिहून, नवं नाव देऊन छापली तर ती चोरीच. बहुतेक प्रोग्रामांनाही हाच नियम लागू असतो. पण मिशेलने बी-टू देताना सोबत एक परवाना जोडला होता. त्याचं नाव जीपीएल. या परवान्यामागे आहेत रिचर्ड स्टॉलमन. त्यांनी १९८९ मध्ये तो पहिल्यांदा तयार केला.

हा परवाना समजायला परत स्वयंपाकघरात जाऊ. दुकानातून गोडा मसाल्याचं पाकीट आणलं तर तो वापरता येतो, पण त्यात धणे किती, दगडफूल किती, खोबरं भाजलं कसं, हे काही कळत नाही. पाकीट बंद झालं की मसाला संपला. तेच आजीने मसाला दिला आणि बरोबर वहीतली कृतीही उतरवून दिली, तर? तो तुम्ही घरी करू शकता, तिखट जास्त घालून बघू शकता, शेजारच्या काकूंना कृती देऊ शकता. संगणकाच्या प्रोग्रामचीही अशी कृती असते. प्रोग्रामरने लिहिलेल्या त्या मूळ ओळींना सोर्स कोड म्हणतात. ज्या प्रोग्रामची कृती सगळ्यांना वाचता येते, वापरता, बदलता आणि वाटता येते, तो ओपन सोर्स, म्हणजे मुक्तस्रोत प्रोग्राम. जीपीएलची त्यावर आणखी एक अट आहे. कृतीत बदल करून मसाला दुसऱ्याला दिलात तर बदललेली कृतीही द्यायची, आणि तीही याच अटींवर. मधेच कुणी वही कपाटात कुलूपबंद करायची नाही.

म्हणजे मॅट आणि माईक यांनी परवानगी विचारायला मिशेलला शोधत बसायची गरजच नव्हती. परवानगी त्याने आधीच, सगळ्या जगाला, लिहून देऊन ठेवली होती.

इथे मराठीचा एक मोठेपणा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाचे दोन अर्थ. फुकट, आणि स्वतंत्र. त्यामुळे 'फ्री सॉफ्टवेअर' म्हटलं की लोकांना वाटतं पैसे पडत नाहीत एवढंच, आणि स्टॉलमन यांना वर्षानुवर्षं समजावत बसावं लागलं. आपल्याकडे 'मोफत' वेगळं आणि 'मुक्त' वेगळं! पुष्कळ ॲप मोफत असतात, पण मुक्त नसतात. आज आहेत, उद्या कंपनीने नियम बदलले की तुम्ही बाहेर.

असं खरंच झालंय. त्या काळात ब्लॉग लिहिणाऱ्यांत मूव्हेबल टाइप नावाचा प्रोग्राम फार लोकप्रिय होता. मे २००४ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर नवे नियम आले. मोफत आवृत्तीत लेखक किती आणि ब्लॉग किती यावर मर्यादा, त्यापुढे पैसे. कंपनीला पैसे मागायचा हक्क होता, त्यात गैर काही नाही. पण पुष्कळ लोकांना धक्का बसला आणि ते बिऱ्हाड उचलून वर्डप्रेसकडे आले. त्याच महिन्यात वर्डप्रेसची १.२ ही आवृत्ती आली होती आणि तिच्यात प्लगइनची सोय नव्याने झाली होती. पुढच्या वर्षी थीमचीही सोय आली. आज जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी सुमारे चार वर्डप्रेसवर चालतात. प्लगइन तर पन्नास हजारांहून जास्त आहेत. मॅटचं सॅक्सोफोनचं वेडही अजून त्यात डोकावतं. वर्डप्रेसच्या मोठ्या आवृत्त्यांना जॅझ संगीतकारांची नावं देतात. १.० ही आवृत्ती माइल्स डेव्हिस यांच्या नावाची होती.

प्रोग्रामच्या अशा फांद्या फुटणं हे मुक्तस्रोतात नेहमीचंच आहे. बी-टूपासून वर्डप्रेसखेरीज बी-टू-इव्होल्युशन नावाची दुसरी फांदीही निघाली. मॅम्बो नावाचा एक सीएमएस होता. त्याच्या प्रोग्रामरांचं आणि त्यामागच्या कंपनीचं पटेना, तेव्हा २००५ मध्ये प्रोग्रामर बाहेर पडले आणि त्यांनी त्याच कृतीवरून जूमला हा सीएमएस काढला. आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत 'जुमला' म्हणजे 'सगळे मिळून'. हा शब्द मूळ अरबी, हिंदी-उर्दूतला 'जुमला'ही तिथूनच आलेला. फक्त आपल्याकडे हल्ली त्याचा अर्थ जरा वेगळ्या बाजूला गेलाय, ते बाबांना विचारा!

आणि ते मायएसक्यूएल आठवतंय का, बी-टूचं कोठार? त्यातला 'माय' म्हणजे आई नव्हे बरं का, आणि इंग्रजीतला 'माझा'ही नव्हे. ते कर्ते मायकेल विडेनियस यांच्या मुलीचं नाव! २००९ मध्ये ओरॅकल ही बडी कंपनी मायएसक्यूएलच्या मालक कंपनीला विकत घेणार असं ठरलं. विडेनियस यांना काळजी वाटली. पण कृती खुली होती. त्यांनी तिची एक फांदी काढली आणि तिला धाकट्या लेकीचं नाव दिलं, मारिया-डीबी. आज वर्डप्रेसचं कोठार या दोघी बहिणींपैकी कुणाकडेही सोपवता येतं.

दुसऱ्या कुणाची फांदी नसलेलाही एक सीएमएस आहे, द्रुपल. बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात ड्रीस बायटार्ट हा विद्यार्थी वसतिगृहातल्या मित्रांना निरोप देण्यासाठी एक छोटं संकेतस्थळ चालवायचा. आज जेवायला कुठे भेटायचं, वगैरे. पुढे ते सगळ्यांसाठी खुलं करताना त्याला 'डॉर्प' हे नाव घ्यायचं होतं. डच भाषेत डॉर्प म्हणजे खेडं. टाइप करताना अक्षरं उलटसुलट झाली आणि झालं 'ड्रॉप', म्हणजे थेंब. त्याला तेच आवडलं! २००१ मध्ये त्याने आपला प्रोग्राम मुक्त केला तेव्हा डच भाषेतल्या 'थेंब' या शब्दावरूनच त्याला द्रुपल हे नाव दिलं. वसतिगृहातल्या त्या निरोपांपासून निघालेल्या या प्रोग्रामवर २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या व्हाइट हाउसचं संकेतस्थळ उभं राहिलं. (२०१७ मध्ये ते वर्डप्रेसवर गेलं.) याच द्रुपलवाल्यांचं मोठं संमेलन फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत पवईला आयआयटीत भरलं होतं.

पण थांबा. आई-बाबा वाचत असतील तर त्यांच्या मनात आलंच असेल, की कृती सगळ्यांना खुली म्हणजे चोरांनाही खुलीच की! खरं आहे. ती चोरही वाचतात. फरक एवढाच की तिच्यावर हजारो राखणदारांचेही डोळे असतात. त्यामुळे फट सापडली की बहुधा चटकन बुजवली जाते. मात्र बुजवलेली आवृत्ती आपल्या संकेतस्थळावर आणणं हे आपलं काम. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी द्रुपलमधली एक मोठी फट जाहीर झाली आणि त्याच वेळी तिच्यावरचा उपायही दिला गेला. दोन आठवड्यांनी द्रुपलच्या सुरक्षा पथकाने बजावलं, की त्या दिवशी सात तासांच्या आत ज्यांनी उपाय केला नाही, त्यांनी आपल्या घरात चोर शिरलाय असंच समजावं. दिवस नव्हे, तास! वर्डप्रेसने २०१३ मध्येच लहानसहान दुरुस्त्या आपोआप बसतील अशी सोय केली. तरी जुने, कुणी न सांभाळलेले प्लगइन म्हणजे मागच्या दाराची मोडकी कडी. पन्नास हजार आहेत म्हणून पन्नास बसवू नका. पाच लागत असतील तर पाचच बसवा.

शिवाय प्रोग्राम मोफत असला तरी संकेतस्थळ अगदीच फुकट होत नाही. त्याचं नाव नोंदवायला आणि ते ज्या संगणकावर राहणार त्या जागेला दरवर्षी पैसे पडतात. पैसे न देता जागा देणाऱ्याही कंपन्या आहेत, पण तिथे घरमालकाचे नियम पाळावे लागतात. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, वगैरे. भाड्याची खोली आणि स्वतःचं घर, यांतला फरक.

आणखी एक. वर्डप्रेसची कृती सगळ्यांची, पण 'वर्डप्रेस' हे नाव सगळ्यांचं नाही. २०१० मध्ये ते एका संस्थेकडे सोपवण्यात आलं आणि ते कसं वापरायचं याचे नियम आहेत. २०२४ मध्ये मॅट यांची कंपनी आणि दुसरी एक मोठी कंपनी यांच्यात या नावावरून आणि पैशांवरून जोरदार भांडण झालं, ते थेट कोर्टात गेलं. मुक्तस्रोतवाले सगळे देवमाणसंच असतात असं समजू नका. त्यांचीही भांडणं आपल्या गल्लीतल्या क्रिकेटइतकीच होतात. फक्त इथे बॅटवाला रुसून घरी गेला तरी खेळ थांबत नाही, कारण बॅटची कृती सगळ्यांकडे असते.

ज्या पालकांना शाळेच्या किंवा सोसायटीच्या संकेतस्थळात लक्ष घालायचंय, त्यांनी पुढच्या सभेत एवढंच विचारावं, की संकेतस्थळाचं नाव कुणाच्या नावाने नोंदलंय? शाळेच्या, की करून देणाऱ्याच्या? पासवर्ड शाळेच्या कपाटात आहे का? आणि कोठाराची एक प्रत दर महिन्याला दुसरीकडे कुणी काढून ठेवतं का? सीएमएस मुक्तस्रोत असला आणि या तीन गोष्टी जागेवर असल्या, की दादा बंगळुरूला गेला तरी बिघडत नाही. दुसरी ताई त्याच पानावरून पुढे काम सुरू करू शकते.

मराठीचं काय, असं कुणीतरी विचारायलाच हवं होतं! वर्डप्रेसची आतली बटणं, सूचना, सगळं मराठीत करून घेता येतं. हे भाषांतर कुठल्या कंपनीने पैसे देऊन केलेलं नाही. ज्यांना हौस आहे अशी माणसं एकेक ओळ घेऊन बसतात आणि मराठी करतात. काम दिसतं तितकं सोपं नाही. इंग्रजीत 'बाय' या शब्दानंतर लेखकाच्या नावासाठी रिकामी जागा असते. मराठीत 'यांनी' नावाच्या मागून येतं, म्हणून ती रिकामी जागा उचलून पुढे आणावी लागते. एक टिप्पणी, पण दोन टिप्पण्या, हे संगणकाला वेगळं सांगावं लागतं. आणि शब्द कोणता घ्यायचा यावर वाद तर ठरलेलाच. पासवर्डला पासवर्डच म्हणायचं, की परवलीचा शब्द? माझं मत विचाराल तर पासवर्ड. पण परवलीचा शब्द म्हटलं की किल्ल्याच्या दरवाज्यावरचा पहारेकरी डोळ्यांसमोर येतो, हेही खरं.

आता तुमचा उद्योग. वर्डप्रेसची 'प्लेग्राउंड' नावाची एक सोय आहे. तिथे काहीही न बसवता, नाव-गाव न देता, आख्खं वर्डप्रेस तुमच्या ब्राउझरमध्ये उघडतं. आई, बाबा किंवा ताईला शेजारी बसवून ते उघडा. एक पान लिहा, तुमच्या गावच्या जत्रेबद्दल, आजोबांच्या सायकलबद्दल, काहीही. मग थीम बदला आणि बघा, पान कसं नव्याने मांडलं जातं आणि तुमचा एक शब्दही हलत नाही. घाबरू नका, काही मोडत नाही. पान बंद केलंत की सगळं पुसलं जातं, पाटीसारखं. म्हणूनच लिहिलेलं आवडलं तर बंद करण्याआधी वहीत उतरवून घ्या.

आणि हो, प्लगइनला मराठीत काय म्हणावं? जोड, पुरवणी, ठिगळ? तुमचा शब्द आणि तो का सुचला ते दोन ओळींत लिहून संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. पाकिटावर 'संगणकाशी गट्टी' लिहायला विसरू नका. आलेले शब्द पुढच्या महिन्यात याच पानावर छापू.